मंद एसएसडी : निदानाचा क्रम

घरी जुळवलेल्या संगणकासंबंधी ज्या तक्रारी वारंवार कानी येतात, त्यांत नव्याने घेतलेली एसएसडी मंद चालते ही एक ठळक तक्रार आहे. खोक्यावर सेकंदास सात हजार मेगाबाइट असा आकडा छापलेला असतो, मापनाच्या पडद्यावर साडेतीन हजारच उमटतात, प्रत्यक्ष फाइल हलवताना शंभर-दीडशेवर समाधान मानावे लागते. आणि ज्याने पै पै साठवून, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत दहा दुकाने पालथी घालून एकेक भाग पारखून आणला, त्या विद्यार्थ्याच्या मनात पहिला संशय येतो तो आपण फसवले गेल्याचा. तयार संगणक घेणाऱ्यास निदान विक्रेत्याकडे बोट दाखवता येते; परंतु ज्याने मदरबोर्ड एकाकडून, प्रोसेसर दुसऱ्याकडून आणि एसएसडी तिसऱ्याकडून घेतली, त्याच्या यंत्राची सर्वांगीण जबाबदारी घेणारा त्याच्याखेरीज कोणीच नसतो. प्रत्येक दुकानदार आपापला भाग निर्दोष असल्याची ग्वाही देतो, आणि नवलाची गोष्ट अशी की बहुतेक वेळा ते सारेच खरे बोलत असतात.

भाग निर्दोष असूनही यंत्र मंद असू शकते, कारण एसएसडीची मंदगती ही बहुधा अनेक भागांच्या परस्परसंबंधांतून उद्भवणारी अवस्था असते; सबब तिचे निदान करावयाचे तर एसएसडीपर्यंत जाणारा सारा मार्ग क्रमाने तपासावा लागतो आणि एसएसडी बदलणे हा सर्वांत शेवटचा इलाज मानावा लागतो, हे या आढाव्याचे प्रतिपाद्य आहे. या विषयावर सल्ल्यांची वाण नाही. उणीव आहे ती सल्ल्यांना क्रम लावण्याची. कोणी बायोस अद्ययावत करा म्हणतो, कोणी विंडोज पुन्हा बसवा म्हणतो, कोणी सरळ एसएसडी परत करा म्हणतो. आणि हे सर्व उपाय एकाच बैठकीत करून पाहणाऱ्यास वेग परत मिळाला, तरी तो कशाने मिळाला हे कळत नाही, आणि पुढे तीच व्याधी उलटली की त्याला पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन उभे राहावे लागते.

तक्रारीची शहानिशा

तपासाचा आरंभ पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी, तक्रार नेमकेपणाने मांडण्यापासून व्हावयास हवा. वेग पहिल्या दिवसापासूनच कमी आहे की आरंभी चांगला असून पुढे घसरला. तो वाचताना कमी पडतो की लिहिताना. मोठी एकसंध फाइल हलवताना की सहस्रावधी चिमुकल्या फाइली हलवताना. आणि संगणक नुकताच सुरू केलेला असताना की बराच वेळ राबल्यावर, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढली, तर निम्मा तपास तेथेच उरकतो. पहिल्या दिवसापासून मंद असलेली एसएसडी बहुधा अपुऱ्या मार्गावर बसवलेली असते. मागाहून मंदावलेली भरलेली, तापलेली किंवा जीर्ण झालेली असते. केवळ लिहिताना मंदावणारी आपल्या कॅशेच्या मर्यादेला पोचलेली असते. आणि केवळ लहान फाइलींना अडखळणारी पुष्कळदा मुळी मंद नसतेच.

या शेवटच्या विधानाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. क्रिस्टलडिस्कमार्क हा मोफत मिळणारा जपानी कार्यक्रम आज घरोघरी मापनासाठी वापरला जातो, आणि त्याच्या पडद्यावर चार ओळी दिसतात. पहिल्या ओळीत एक एक मेबीबाइटचे मोठे तुकडे, आठ मागण्या एकाच वेळी रांगेत लावून, सलग वाचले व लिहिले जातात; शेवटच्या ओळीत अवघ्या चार किबीबाइटचे तुकडे, विखुरलेल्या जागांवरून, एका वेळी एकच मागणी करून मागवले जातात. खोक्यावर छापला जातो तो पहिल्या ओळीचा आकडा. तेथे सात हजार दाखवणारी उत्तम एसएसडीदेखील शेवटच्या ओळीत वाचनाला साधारण साठ ते शंभर मेगाबाइटच दाखवते. आणि विंडोज सुरू होणे, ब्राउझर उघडणे, एखादा कार्यक्रम बसवणे ही नित्याची कामे पहिल्या ओळीपेक्षा शेवटच्या ओळीला अधिक जवळची आहेत. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क त्या ओळीत एक मेगाबाइटदेखील मुश्किलीने गाठते, हे ध्यानात घेतले म्हणजे साठ हा आकडा किती मोठा आहे ते उमगते. साटा एसएसडीच्या जागी चौपट-दहापट वेगाची म्हणून नवी एसएसडी बसवूनही संगणक सुरू होण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, याचे कारण हेच आहे. त्यात कोणाचाही कसूर नाही.

दुसरी शहानिशा स्रोताची करावी. फाइल हलवणे ही नेहमीच दोन उपकरणांची परीक्षा असते, आणि निकाल लागतो तो दोहोंतील मंद उपकरणाचा. जुन्या हार्ड डिस्कवरून फाइल येत असेल तर सेकंदास दीडशे-दोनशे मेगाबाइटच्या वर अपेक्षा धरू नये; यूएसबी २.० च्या खोबणीतील पेन ड्राइव्हवरून येत असेल तर तीस-चाळीसवर संतुष्ट असावे. आणि इंटरनेटवरून येत असेल तर शंभर मेगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदास साडेबारा मेगाबाइट, हे आठाचे गणित विसरू नये. या साध्या रुजुवातीअभावी कित्येक निर्दोष एसएसडी दुकानाच्या गल्ल्यावर परत गेल्या आहेत.

मार्गाची तपासणी

तक्रार खरी ठरली की मार्गाकडे वळावे, कारण पहिल्या दिवसापासूनच्या मंदगतीचे मूळ बहुधा येथेच सापडते. अडीच इंची साटा एसएसडीची गोष्ट सोपी आहे. साटाच्या तिसऱ्या पिढीचा वेग सेकंदास ६ गिगाबिट. त्यात प्रत्येक आठ बिटांसाठी दहा बिट धाडले जात असल्यामुळे निव्वळ वेग ६०० मेगाबाइट, आणि व्यवहारात ५५० च्या आसपास. आकडा २७० ते २८० वर अडकला असेल तर केबल दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे ३ गिगाबिटच्या खोबणीत लावलेली आहे असे खुशाल समजावे. २०११ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या सहाव्या मालिकेच्या अनेक चिपसेटांत सहा खोबण्यांपैकी दोनच ६ गिगाबिटच्या होत्या, उरलेल्या चार ३ गिगाबिटच्या. जुन्या संगणकाला नवी एसएसडी लावून त्याचे आयुष्य वाढवू पाहणाऱ्यांनी हा भेद आवर्जून पाहावा. केबलीची जागा बदलणे एवढाच त्याचा उपाय आहे.

एम.२ ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि घोटाळेही येथेच अधिक होतात. एम.२ हा केवळ आकार आहे. च्युइंग गमच्या पट्टीएवढ्या त्या पाटीवर साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही. साटा जातीची एम.२ एसएसडी कितीही नव्या मदरबोर्डावर बसवली तरी ५५० च्या पुढे जाणार नाही. एनव्हीएमई मात्र पीसीआय एक्सप्रेसच्या लेनवरून धावते, आणि तिचा वेग पिढी व लेनची संख्या या दोन गोष्टींवर ठरतो. तिसऱ्या पिढीच्या एका लेनवरून सेकंदास सुमारे ९८५ मेगाबाइट जातात, म्हणजे चार लेनवरून सुमारे ३,९४०. चौथ्या पिढीत हे मान दुप्पट होऊन सुमारे ७,८८० होते, आणि पाचव्या पिढीत पुन्हा दुप्पट. एसएसडी, खोबण आणि प्रोसेसर या तिघांच्या पिढ्या भिन्न असल्या, तर तिघांतील कनिष्ठ पिढी सर्वांवर लागू होते. पाटाचे पाणी जसे सर्वांत अरुंद मोरीतून जेवढे निघेल तेवढेच शेवटच्या वावराला मिळते, धरण कितीही भरलेले असो, तसाच हा हिशेब आहे.

याचे एक उदाहरण जवळून पाहणे उद्बोधक ठरेल, कारण ते आपल्याकडे फार आढळते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचावा म्हणून अनेक जण एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा अंतर्गत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतात, त्याला बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड जोडतात आणि चौथ्या पिढीची एसएसडी बसवतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पहिली एम.२ खोबण चौथ्या पिढीची असल्याचे लिहिलेले असते आणि ते खरेच असते. एसएसडीच्या खोक्यावरचा सात हजारांचा दावाही खरा असतो. परंतु त्या खोबणीच्या चारही लेन थेट प्रोसेसरातून निघतात, आणि ५६००जी हा प्रोसेसर तिसऱ्या पिढीपलीकडे जात नाही. केवळ ‘जी’ अक्षराने भिन्न दिसणारा रायझन ५ ५६०० हाच प्रोसेसर त्याच जागी बसवला असता तर वेग दुप्पट मिळाला असता. क्रिस्टलडिस्कइन्फो हा सोबतीचा कार्यक्रम उघडला की ‘ट्रान्स्फर मोड’ या रकान्यात ‘पीसीआयई ३.० ×४ | पीसीआयई ४.० ×४’ अशी जोडी दिसते. उभ्या रेघेच्या डावीकडे प्रत्यक्ष चालू असलेला मार्ग आणि उजवीकडे एसएसडीला झेपणारा मार्ग. एका ओळीचा हा दाखला शंभर तर्कांचे काम करतो. डावी व उजवी बाजू सारखी असेल तर मार्ग निर्दोष आहे असे समजून पुढे जावे. भिन्न असेल तर तपास तेथेच थांबवून मदरबोर्डाची पुस्तिका उघडावी.

पुस्तिकेत पाहावयाचे ते असे. सर्व एम.२ खोबण्या सारख्या नसतात. एक बहुधा प्रोसेसरला जोडलेली असते, बाकीच्या चिपसेटमार्फत येतात, आणि चिपसेटची पिढी पुष्कळदा कनिष्ठ असते. बी५५० मध्ये चिपसेटच्या लेन तिसऱ्या पिढीच्या, तर त्याच्या आधीच्या बी४५० मध्ये दुसऱ्या पिढीच्या आहेत. त्यामुळे बी४५० च्या दुसऱ्या खोबणीत, आणि ती दोनच लेनची असली तर, तीच एसएसडी सेकंदास एक हजार मेगाबाइटच्या आतच घुटमळते. इंटेलच्या दहाव्या पिढीच्या प्रोसेसरांत एसएसडीसाठी राखीव लेन नव्हत्या, त्या अकराव्या पिढीत, २०२१ मध्ये आल्या. सबब दोन्ही पिढ्यांना चालणाऱ्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसरशी जोडलेली ती खोबण दहाव्या पिढीच्या प्रोसेसरसह मुळी जागीच होत नाही. काही बोर्डांवर एखादी एम.२ खोबण आणि दोन साटा खोबण्या यांची वाटणी सामाईक असते, एक वापरली की दुसरी बंद पडते. हे सारे लहान टाइपातील तळटिपांत नमूद असते, आणि खरेदीपूर्वी त्या तळटिपा वाचण्याचे कष्ट घेणाऱ्यास पुढे तक्रारीची वेळ क्वचितच येते.

पेशींच्या अंतरंगात

मार्ग निर्दोष असूनही लिहिताना वेग कोसळत असेल, तर एसएसडीच्या अंतर्रचनेचा विचार करावा लागतो. जपानच्या तोशिबा कंपनीत काम करणारे संशोधक फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलेली नॅन्ड फ्लॅश स्मृती हीच आजच्या एसएसडीचा पाया आहे. तिच्या सूक्ष्म पेशीत विद्युत्भार साठवून माहिती नोंदवली जाते. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर भाराच्या दोन पातळ्या ओळखल्या की भागते. तीन बिट ठेवायचे तर आठ, आणि चार बिट ठेवायचे तर सोळा पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. या तीन जातींना अनुक्रमे एसएलसी, टीएलसी आणि क्यूएलसी म्हणतात. पातळ्या जितक्या अधिक, तितकी त्याच पेशीत जागा अधिक व किंमत कमी. परंतु लेखनाला वेळ अधिक आणि आयुष्यमान कमी. स्वस्ताईचे मोल असे लेखनाच्या वेगात चुकते करावे लागते.

हे मोल ग्राहकाला सहसा जाणवू नये म्हणून उत्पादक एक तजवीज करतात. टीएलसी किंवा क्यूएलसी पेशींचा काही भाग तात्पुरता एसएलसीप्रमाणे, म्हणजे एका पेशीत एकच बिट अशा रीतीने वापरून त्यात आलेली माहिती झपाट्याने उतरवून घेतली जाते, आणि मग फुरसतीने ती कायमच्या जागी हलवली जाते. या कॅशेची मर्यादा संपली की एसएसडीचा मूळ स्वभाव उघडा पडतो. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या साटा एसएसडीचे उदाहरण घ्या. एक टेराबाइटच्या आवृत्तीत ही कॅशे जास्तीत जास्त ४२ गिगाबाइट, आणि ती संपल्यावर लेखनाचा वेग सेकंदास ८० मेगाबाइट, असे कंपनीच्या तपशीलपत्रकातच नमूद आहे. शंभर गिगाबाइटचे चित्रीकरण अशा एसएसडीवर एका दमात उतरवू पाहणाऱ्यास आरंभी पाचशेच्या पुढे धावणारी रेघ अकस्मात हार्ड डिस्कच्याही खाली आलेली दिसते, आणि एसएसडी बिघडली असा त्याचा समज होतो. वस्तुतः ती तिच्या धर्माप्रमाणेच वागत असते.

येथे मापनाचाही एक सापळा आहे. क्रिस्टलडिस्कमार्क मूळ मांडणीत अवघी एक गिबीबाइटची फाइल वापरतो, आणि ती प्रत्येक वेळी कॅशेतच सामावते. त्यामुळे पडद्यावरचे सर्व आकडे उत्तम आणि प्रत्यक्ष काम मात्र मंद, असा विरोधाभास उत्पन्न होतो. याची परीक्षा करावयाची तर दुसऱ्या वेगवान एसएसडीवरून शंभर-दीडशे गिगाबाइटची एकसंध फाइल उतरवून आलेखाची रेघ कोठे मोडते ते पाहावे. बहुतेक एसएसडींत कॅशेचे आकारमान रिकाम्या जागेवर अवलंबून असते, म्हणून तीच परीक्षा एसएसडी निम्मी भरलेली असताना पुन्हा केल्यास रेघ आधीच मोडलेली आढळेल. मोठे लेखन आटोपल्यावर यंत्र काही काळ स्वस्थ ठेवले की कॅशे रिकामी होऊन वेग पूर्ववत होतो. ज्याचे कामच रोज मोठी चित्रीकरणे हाताळण्याचे आहे, त्याने मात्र क्यूएलसीच्या मोहात न पडता टीएलसीची, आणि स्वतःची डीरॅम असलेली एसएसडी घ्यावी, हा सल्ला निःसंकोचपणे देता येतो.

रिकामी जागा आणि ट्रिम

फ्लॅश स्मृतीचा आणखी एक स्वभाव असा की तिच्यात लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसावे लागते. लेखन पानापानाने होते, परंतु पुसणे शेकडो पानांच्या अख्ख्या ब्लॉकचे व्हावे लागते. ब्लॉकात काही पाने कामाची आणि काही निकामी असतील, तर कामाची पाने आधी अन्यत्र हलवून मगच ब्लॉक पुसता येतो. एसएसडी जितकी भरलेली, तितकी ही हलवाहलव अधिक, आणि तितके प्रत्यक्ष लेखन मंद. शेकडा दहा ते वीस जागा मोकळी ठेवावी हा जो नियम सांगितला जातो, त्याचे मर्म हे आहे. तो उत्पादकाचा लहरी आग्रह नव्हे.

परंतु आपण फाइल खोडली तरी ती पाने निकामी झाल्याचे एसएसडीला आपोआप कळत नाही. ते तिला ट्रिम या हुकमाने कळवावे लागते. विंडोजमध्ये ही सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आली. ती चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एफएसयुटिल’ या आज्ञेमार्फत ‘डिसेबलडिलीटनोटिफाय’ची विचारणा करावी, उत्तर शून्य आले तर ट्रिम चालू, एक आले तर बंद. नावात ‘डिसेबल’ असल्यामुळे शून्य पाहून घाबरणारे पुष्कळ आहेत. येथे शून्य हेच शुभ. लिनक्सच्या अनेक वितरणांत हेच काम आठवड्यातून एकदा ‘एफएसट्रिम’ करते. काही यूएसबी आवरणे आणि जुनी रेड नियंत्रके हा हुकूम पुढे पोचवतच नाहीत, तेव्हा तेथे एसएसडी कालांतराने मंदावली तर आश्चर्य वाटू नये.

याच वर्गात विभागाच्या आरंभबिंदूचा प्रश्न येतो. विंडोज एक्सपी पहिला विभाग ६३ व्या सेक्टरापासून सुरू करीत असे, म्हणजे ३२,२५६ बाइटांपासून, आणि ही संख्या ४,०९६ ने निःशेष भागली जात नाही. परिणामी एका पानाचे लेखन दोन पानांवर सांडते. व्हिस्तापासून आरंभबिंदू एक मेबीबाइटवर आला आणि हा दोष संपला. परंतु जुन्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर करणाऱ्यांकडे तो वारशाने येऊ शकतो. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये प्रत्येक विभागाचा आरंभबिंदू दिलेला असतो; त्याला ४,०९६ ने भागून बाकी शून्य राहते की नाही हे पाहिले की शंका फिटते.

उष्णता

काही मिनिटे उत्तम धावून मग मंदावणारी, आणि थोडी विश्रांती मिळताच पुन्हा धावणारी एनव्हीएमई एसएसडी कॅशेमुळे तशी वागत नसेल, तर ती तापत असते. तिचा नियंत्रक साधारण सत्तर ते पंच्याऐंशी अंश सेल्सिअसच्या दरम्यान, मॉडेलपरत्वे, स्वतःचा वेग हेतुपुरस्सर कमी करतो; हा त्याने स्वतःच्या रक्षणासाठी केलेला बंदोबस्त होय. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरचाच पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा पंख्यावर भिस्त असलेल्या खोलीतील संगणकाला हा उंबरठा गाठणे सोपे जाते. त्यात पहिली एम.२ खोबण अनेक बोर्डांवर ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली असते, म्हणजे सर्वांत वेगवान मार्ग नेमका सर्वांत उष्ण जागी.

उपाय शोधण्यापूर्वी एक गोष्ट हाताने पाहावी. मदरबोर्डाबरोबर आलेल्या धातूच्या हीटसिंकच्या खालच्या अंगास मऊ थर्मल पॅड असते, आणि त्या पॅडवर पातळ पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. जोडणीच्या उत्साहात तो काढायचा राहून जातो, स्क्रू आवळले जातात, वरून सारे जागच्या जागी दिसते, आणि पापुद्र्याखाली एसएसडी भाजत राहते. स्क्रू सैल करून, पापुद्रा सोलून, पॅड चिपवर नीट टेकते आहे ना हे पाहून पुन्हा बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतरही तापमान उतरत नसेल तर पेटीतील वाऱ्याचा प्रवाह सुधारावा किंवा ग्राफिक्स कार्डापासून दूरच्या खोबणीचा विचार करावा. अर्थात ती खोबण कनिष्ठ पिढीची नाही ना, हे पाहूनच.

कार्यप्रणालीचा वाटा

आता उरते ती कार्यप्रणाली. जुन्या बोर्डांवर बायोसमध्ये साटाची पद्धत ‘आयडीई’ ठेवलेली असली, तर एकाहून अधिक मागण्या रांगेत लावण्याची एसएसडीची शक्ती वाया जाते. तेथे ‘एएचसीआय’ हवी. मात्र विंडोज बसवल्यानंतर हा बदल एकाएकी केला तर ती सुरूच न होण्याची भीती असते, म्हणून आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची तजवीज करून मग बायोसला हात लावावा. एएचसीआयमध्येही रांग एकच आणि तीत मागण्या बत्तीसच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमईच्या पहिल्या विनिर्देशाने रांगांची आणि प्रत्येक रांगेतील मागण्यांची मर्यादा हजारोंच्या घरात नेली, आणि एकाच वेळी अनेक कामे चालतात तेव्हा एनव्हीएमई साटाला मागे टाकते ते या गुणामुळे.

डिव्हाइस मॅनेजरमधील ‘राइट कॅशिंग’ बंद असेल तर लेखन मंदावते. ते चालू असावे. परंतु त्याच्या खालीच असलेली, बफर रिकामे करणे थांबवणारी दुसरी खूण वेगाच्या लोभाने करू नये, कारण वीज अवचित जाणाऱ्या गावी ती माहितीच्या नाशाला निमंत्रण ठरते. बिटलॉकरचे एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरमार्फत चालते तेव्हा विखुरलेल्या लेखनावर त्याचा भार जाणवतो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ ने स्वयंचलित एन्क्रिप्शनच्या अटी शिथिल केल्यामुळे ते आपल्या नकळत चालू झालेले असू शकते. ते बंद करावे की नाही हा निर्णय मात्र वेगापुरता पाहू नये. ज्या संगणकावर घरची आर्थिक कागदपत्रे आहेत, तेथे थोडा वेग गमावून सुरक्षितता राखणे शहाणपणाचे. अँटिव्हायरस प्रत्येक लहान फाइल उघडून तपासतो, म्हणून हजारो फाइलींचा संग्रह हलवताना लागणारा वेळ एसएसडीच्या माथी मारू नये.

खरा दोष कधी मानावा

इतके सारे तपासून झाल्यावरही उलगडा झाला नाही, तरच एसएसडीवर आरोप ठेवावा, आणि तोही पुराव्यानिशी. प्रत्येक एसएसडी आपल्या प्रकृतीची नोंद स्मार्ट या दप्तरात ठेवीत असते. साटा एसएसडीत ‘सी७’ क्रमांकाच्या रकान्यातील चुकांची संख्या वाढत असेल तर दोष बहुधा केबलीचा असतो, आणि अल्पशा खर्चात तो निवारता येतो. एनव्हीएमईत वापरलेले आयुष्य, शिल्लक राखीव पेशी आणि माहितीच्या अखंडतेतील चुका हे तीन रकाने पाहावे. शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज आकडा दिसू लागला की माहितीची दुसरी प्रत तत्काळ करून घ्यावी, वेगाची चिकित्सा मागाहून.

उत्पादकाच्या बाजूने खरे दोष घडतात, हेही नाकारता येत नाही. सॅमसंगच्या ८४० ईव्हीओ या टीएलसी एसएसडीत बरेच दिवस न हललेली माहिती वाचताना वेग घसरत असल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. पेशींतील भार कालांतराने सरकत असल्यामुळे ती पुनःपुन्हा वाचावी लागत होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने फर्मवेअरची दुरुस्ती दिली, ती पुरी पडली नाही, आणि एप्रिल २०१५ मध्ये जुनी माहिती अधूनमधून आपणहून ताजी करणारी दुसरी दुरुस्ती द्यावी लागली. २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० या एसएसडीतील फ्लॅश, मॉडेलचे नाव तेच ठेवून, बदलली गेल्याचे दिसून आले आणि कॅशेनंतरचा लेखनवेग पूर्वीपेक्षा बराच उतरला. यापुढे असे बदल केल्यास नवा मॉडेल क्रमांक देऊ, असे कंपनीला तेव्हा सांगावे लागले. पहिला दोष विज्ञानाच्या मर्यादेचा होता आणि तो खटपटीने दूर झाला. दुसरा व्यवहाराच्या नीतीचा आहे. ज्या नावाची परीक्षणे वाचून ग्राहकाने पैसे मोजले, त्या नावाखाली वेगळी वस्तू देणे हा विश्वासभंग आहे, मग तपशीलपत्रकातील शब्दांत तो बसो वा न बसो. या दोन्ही प्रकरणांत दोष उजेडात आला तो सामान्य वापरणाऱ्यांनी व परीक्षकांनी चिकाटीने केलेल्या मापनांमुळे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

क्रम आणि नोंद

तेव्हा क्रम असा ठरतो. आधी तक्रारीची शहानिशा आणि स्रोताची रुजुवात, मग मार्ग, म्हणजे खोबण, पिढी, लेन व प्रोसेसर, मग कॅशे आणि रिकामी जागा, मग ट्रिम व आरंभबिंदू, मग तापमान, मग कार्यप्रणालीच्या मांडण्या, आणि सर्वांत शेवटी स्मार्टचे दप्तर, फर्मवेअर व हमी. ज्या तपासाला पैसा लागत नाही आणि ज्याने माहितीला धोका नाही तो आधी, फर्मवेअर बदलणे किंवा एसएसडी संपूर्ण पुसणे यांसारखा धोक्याचा उपाय शेवटी, आणि तोही दुसरी प्रत हाती असल्याशिवाय नाही. एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा मोजावे, निकाल लिहावा, आणि मगच पुढील पायरीला हात घालावा.

यातून निघणारा सर्वांत महत्त्वाचा धडा मात्र बिघाडानंतरचा नसून बिघाडापूर्वीचा आहे. संगणक जुळवून विंडोज बसवली, की त्याच दिवशी एसएसडीचे चारही ओळींचे मापन, चालू मार्ग, विश्रांतीचे व कामाचे तापमान आणि स्मार्टचे आरंभीचे आकडे एका वहीत लिहून ठेवावे. ही नोंद नसेल तर ‘पूर्वी चांगली चालत होती’ हे विधान केवळ स्मरणावर उभे राहते, आणि हमीच्या खिडकीशी ते टिकत नाही; नोंद असेल तर वेग घसरला का, किती आणि केव्हा, याचे उत्तर निर्विवाद मिळते. घरी संगणक जुळवणाऱ्याच्या यंत्राची हमी कोणी एक कंपनी देत नाही, ती त्याने स्वतःच्या ज्ञानाने स्वतःस द्यावयाची असते. आणि तशी ती देता येऊ लागली म्हणजे स्वहस्ते यंत्र जुळवण्यामागचा हेतू केवळ चार पैसे वाचवण्यापुरता राहत नाही, आपण रोज वापरतो ते साधन पुरते जाणण्याचा अधिकार त्यातून हाती येतो.